अमूर्ताच्या दालनातील समुद्र : प्रेरणा, प्रदर्शन आणि प्रेक्षक

प्रस्तावना

चित्रप्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेवर समुद्र, निसर्ग आणि अमूर्त हे तीन शब्द एकत्र दिसणे आता नित्याचे झाले आहे. निळ्या-करड्या रंगांचे आडवे पट्टे, मध्ये कोठेतरी क्षितिजाची चाहूल आणि प्रवेशद्वाराजवळ चित्रकाराचे छोटेसे मनोगत, अशी प्रदर्शने मुंबईच्या कलादालनांत दरवर्षी भरतात. समुद्र ही आपली प्रेरणा आहे, असे त्या मनोगतात बहुधा नमूद केलेले असते. प्रेक्षक ते वाचतो, चित्राकडे वळतो, त्यात समुद्र शोधू लागतो आणि तो सापडला की समाधानाने पुढच्या चित्राकडे जातो. न सापडल्यास 'अमूर्त आपल्याला कळत नाही' असे म्हणून दालनाबाहेर पडतो. या दोन्ही प्रतिक्रिया वरवर परस्परविरुद्ध भासल्या तरी त्यांचा परिणाम एकच असतो. चित्र पाहावयाचे राहून जाते.

प्रस्तुत लेखात याच अडचणीचा विचार करावयाचा आहे. अमूर्त चित्रात समुद्र आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तो नेमका कोठे असतो? चित्रकाराच्या आठवणीत, चित्राच्या पृष्ठभागावर, की प्रेक्षकाच्या अपेक्षेत? आणि प्रदर्शनाच्या मांडणीने या प्रश्नाचे उत्तर प्रेक्षकाला आयते द्यावे, की त्याला ते शोधावयास लावावे? विवेचनासाठी वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१), प्रफुल्ला डहाणूकर (१९३४-२०१४) आणि नसरीन मोहमदी (१९३७-१९९०) या तीन चित्रकारांची निवड केली आहे. या तिघांनी आयुष्याच्या घडणीच्या काळात मुंबईतील एकाच वास्तूत काम केले आणि त्या वास्तूसमोर एकच समुद्र होता. प्रेरणा या कल्पनेची परीक्षा घेण्यास याहून सोयीचे उदाहरण मिळणे कठीण आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : श्रेष्ठ अमूर्त चित्रात समुद्र विषय म्हणून येत नाही. तो पाहण्याची आणि काम करण्याची शिस्त म्हणून येतो. जे प्रदर्शन ही शिस्त प्रेक्षकापर्यंत पोहोचविते ते सफल होते. जे केवळ समुद्राचे नाव सांगून थांबते ते प्रेक्षकाचे डोळे उघडण्याऐवजी मिटविते.

१. दोन संज्ञांचा विचार

मराठी कलासमीक्षेत रूढ असलेली 'अमूर्त' ही संज्ञा सोयीची असली तरी पूर्णतः नेमकी नाही. मूर्त नाही ते अमूर्त, असा तिचा शब्दशः अर्थ होतो. परंतु कोणतेही चित्र मूर्तच असते. त्याला लांबी-रुंदी असते, रंगाचा थर असतो, कापडाचा पोत असतो. इंग्रजीतील 'ॲबस्ट्रॅक्ट' या शब्दाच्या मुळाशी काढून घेण्याची, वेगळे करण्याची क्रिया आहे. झाडातून झाडपण, लाटेतून लाटेची लय वेगळी काढणे हा तिचा एक अर्थ झाला. दुसऱ्या प्रकारात चित्रकार वस्तूपासून प्रारंभच करीत नाही. रंग, रेषा, अवकाश यांनाच तो आपले द्रव्य मानतो. गायतोंडे स्वतःच्या चित्रांसाठी 'ॲबस्ट्रॅक्ट' ऐवजी 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' हा शब्द पसंत करीत. मराठीत त्याला वस्तुनिरपेक्ष म्हणता येईल. ही निवड शब्दच्छल नव्हती. आपले चित्र कशाचे तरी संक्षिप्त रूप आहे असा समज होऊ नये, हा तिच्यामागील हेतू होता.

'प्रेरणा' ही दुसरी संज्ञा याहून अधिक धूसर आहे. या एका शब्दाखाली किमान तीन निरनिराळे संबंध झाकले जातात. पहिला निमित्ताचा. समुद्र पाहिला आणि चित्र सुचले, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा साधर्म्याचा. चित्र समुद्रासारखे दिसते. तिसरा संस्काराचा. समुद्राच्या दीर्घ सहवासाने चित्रकाराच्या डोळ्याला आणि हाताला काही सवयी लागल्या, आणि त्या सवयी चित्रात उतरल्या. निमित्त हे चरित्राचे अंग आहे आणि साधर्म्य हा पाहणाऱ्याच्या तर्काचा भाग. कलेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा संबंध तिसरा, आणि प्रदर्शनांच्या मनोगतांतून सर्वांत कमी उल्लेखही त्याचाच होतो.

२. क्षितिज आणि शीर्षक : काही पाश्चात्त्य उदाहरणे

समुद्र आणि अमूर्त यांचे नाते आधुनिक चित्रकलेच्या इतिहासाइतकेच जुने आहे. जे. एम. डब्ल्यू. टर्नर यांनी १८४२ मध्ये प्रदर्शित केलेल्या हिमवादळाच्या चित्रात बोट, लाटा, धूर आणि बर्फ एकमेकांत इतके मिसळले आहेत की तत्कालीन टीकाकारांनी त्याची संभावना साबणाचा फेस आणि चुना अशी केली. या चित्राचे शीर्षक विलक्षण लांब आहे. बोट बंदराच्या तोंडाशी उथळ पाण्यात इशारे देत असल्याचे ते सांगते आणि त्या रात्री चित्रकार स्वतः त्या वादळात होता, अशी ग्वाहीही देते. ती ग्वाही खरी होती का, याविषयी अभ्यासकांनी शंका घेतली आहे. येथे लक्षात घ्यावयाची बाब एवढीच की, चित्रातून वस्तू जसजशी विरघळू लागली तसतशी शीर्षकावरची जबाबदारी वाढत गेली. भिंतीवरच्या मनोगताचा हा पूर्वज होय.

पीट मोंद्रियान यांनी उलट मार्ग धरला. नेदरलँड्समधील डोंबुर्ख या किनाऱ्यावरच्या गावी १९१४ च्या सुमारास त्यांनी समुद्रात शिरलेल्या धक्क्याची अनेक रेखाटने केली. १९१५ मधील 'कॉम्पोझिशन क्र. १०' या तैलचित्रात, जे ऑटर्लो येथील क्रोलर-म्युलर संग्रहालयात आहे, समुद्राचा रंग नाही, लाट नाही, क्षितिजाची अखंड रेषाही नाही. पांढऱ्या भूमीवर लहान लहान आडव्या-उभ्या काळ्या रेषा आहेत. काही ठिकाणी त्या एकमेकींना छेदतात, काही ठिकाणी नुसत्या भिडतात. खालच्या बाजूला मध्यावर उभ्या रेषा दाटतात आणि तेथे धक्क्याची आठवण येते. पाण्याच्या पृष्ठभागावर प्रकाश तुकड्यातुकड्यांनी चमकतो, त्या चमकण्याची लय तेवढी चित्रात उरली आहे. समुद्राने मोंद्रियान यांना चित्राचा विषय दिला असे म्हणण्यापेक्षा, रेषेची विभागणी कशी करावी हे शिकविले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

तिसरे उदाहरण अलीकडचे आहे. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांनी १९८० पासून जगातील निरनिराळ्या समुद्रांची कृष्णधवल छायाचित्रे घेतली. प्रत्येकात वरचा अर्धा भाग आकाश आणि खालचा अर्धा भाग पाणी. बोट नाही, पक्षी नाही, किनारा नाही. ही छायाचित्रे शेजारीशेजारी लावली की त्यांच्यातील स्थळभेद प्रामुख्याने शीर्षकातून कळतो आणि प्रेक्षकाचे लक्ष धुके, प्रकाश आणि क्षितिजरेषेची स्पष्टता यांतील सूक्ष्म फरकांकडे वळते. येथे समुद्र पूर्णपणे ओळखू येतो, तरीही अनुभव अमूर्ताचा येतो. म्हणजे समुद्र ओळखू येणे किंवा न येणे ही अमूर्ताची कसोटी होऊ शकत नाही.

३. एक वास्तू, एक समुद्र

मुंबईच्या वॉर्डन रोडवरील, म्हणजे आजच्या भुलाभाई देसाई मार्गावरील, भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट ही संस्था स्वातंत्र्योत्तर मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासातील एक महत्त्वाचे पान आहे. इब्राहिम अल्काझी यांचे नाट्यकार्य, पंडित रविशंकर यांचे संगीतशिक्षण आणि चित्रकार-शिल्पकारांचे स्टुडिओ येथे एका छपराखाली नांदत होते. समोर अरबी समुद्र होता. ती वास्तू आज उरलेली नाही. परंतु १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९६० च्या दशकात गायतोंडे, प्रफुल्ला डहाणूकर आणि नसरीन मोहमदी यांनी वेगवेगळ्या वेळी तेथे काम केले.

प्रेरणा म्हणजे कार्यकारणभाव असता, तर या तिघांच्या चित्रांत काही ठळक साम्य आढळावयास हवे होते. प्रत्यक्षात त्यांची चित्रे एका दालनात मांडली तर प्रथमदर्शनी भेदच जाणवतो. गायतोंड्यांकडे रंगाची खोली आहे, डहाणूकरांकडे अवकाशाचा विस्तार आहे, मोहमदींकडे रंग जवळजवळ नाहीसा होऊन रेषा तेवढी उरली आहे. एकाच समुद्राने तीन भिन्न चित्रसृष्टी कशा निर्माण केल्या, या प्रश्नाचे उत्तर समुद्रात शोधून मिळणार नाही. प्रत्येकाने समुद्राकडून काय शिकावयाचे ठरविले, यात ते शोधावे लागेल.

४. गायतोंडे : थर आणि संथपणा

गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा, घराणे गोव्याचे आणि वाढ प्रामुख्याने मुंबईतील गिरगावच्या चाळीतली. सर जे. जे. कलाशाळेतून त्यांनी १९४८ मध्ये पदविका घेतली. प्रारंभीच्या काळात त्यांच्यावर लघुचित्रांचा आणि पाउल क्ली यांचा प्रभाव होता. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांच्या चित्रांत आकृती मागे पडली आणि एकाच रंगकुळातील विस्तीर्ण पृष्ठभाग आले. या काळातील अनेक आडव्या चित्रांत मध्याच्या आसपास क्षितिजासारखी एक सीमा जाणवते. समुद्राशी त्यांचा संबंध जोडला जातो तो मुख्यतः या चित्रांमुळे.

तथापि या चित्रांसमोर थोडा अधिक वेळ उभे राहिल्यास साधर्म्याची पकड सैल होऊ लागते. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ यांनी रंगाचे थर देत, काही ठिकाणी ते उचलून घेत, पुन्हा चढवीत. परिणामी चित्राचा पृष्ठभाग एका क्षणात दिसत नाही. प्रथम एक रंग जाणवतो. मग त्याच्या खालचा दुसरा वर येतो. मग त्या दोहोंमध्ये अडकलेला प्रकाश दिसू लागतो. पाण्याकडे पाहताना डोळ्याला हाच व्यायाम घडतो. वरचे प्रतिबिंब, त्याखालची गढूळता आणि त्याखालचा तळ या तीन पातळ्या एकदम दिसत नाहीत, एकीवर नजर स्थिरावली की दुसरी निसटते. समुद्राचा संस्कार येथे आहे. तो निळ्या रंगात नाही आणि क्षितिजरेषेतही नाही. पातळ्यांच्या या संथ उलगडण्यात तो आहे.

या प्रतिपादनाला दोन गोष्टींचा भक्कम आधार मिळतो. पहिली अशी की, १९६८ च्या सुमारापासून गायतोंड्यांनी आडवा आकार सोडून उभा आकार स्वीकारला. समुद्रदृश्याची सारी परंपरा आडव्या आकाराला बांधलेली आहे. ती बांधणीच त्यांनी मोडली. दुसरी गोष्ट, १९७२ मध्ये ते मुंबई सोडून दिल्लीला निजामुद्दीन भागात राहावयास गेले. तेथे समुद्र नव्हता. त्यांच्या अनेक परिपक्व कृती या दिल्लीच्या काळातील आहेत, आणि थरांची ती खोली तेथे कमी झाली नाही. समुद्र समोर असणे हीच प्रेरणा असती तर ती समुद्राबरोबर मागे राहिली असती. ती राहिली नाही, कारण तोवर तिचे हाताच्या सवयीत रूपांतर झाले होते. झेन विचाराविषयी त्यांना असलेले आकर्षण आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे करण्याची त्यांची पद्धत यांचाही या संथपणाशी संबंध आहे. हाताने रंग लावण्याइतकेच महत्त्व न लावता थांबण्यालाही होते.

५. प्रफुल्ला डहाणूकर : क्षितिजाशी इमान

गायतोंड्यांच्या तुलनेत प्रफुल्ला डहाणूकर यांच्या चित्रांकडे समीक्षेचे लक्ष कमी गेले आहे. त्यांचा जन्म गोव्याचा. सर जे. जे. कलाशाळेत १९५५ मध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळविले. गायतोंड्यांशी त्यांचा निकटचा स्नेह होता. बॉम्बे आर्ट सोसायटी, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया आणि जहांगीर कलादालन यांच्या कामात त्या दीर्घकाळ सहभागी होत्या. अनेक तरुण चित्रकारांना त्यांचा आधार वाटे. संस्थात्मक कार्याच्या या ख्यातीमुळे त्यांच्या चित्रांची चिकित्सा मागे पडली असावी.

डहाणूकर यांनी क्षितिज सोडले नाही. त्यांच्या चित्रांत भूमी, पाणी आणि आकाश यांचे विस्तृत पट्टे परस्परांत विलीन होताना दिसतात. स्थळ मात्र सांगता येत नाही. शुद्ध वस्तुनिरपेक्षतेच्या निकषावर ही चित्रे मधल्या वाटेवरची ठरतील, आणि अशी वाट सौम्य, म्हणून कमी धाडसाची, असे मानण्याकडे समीक्षेचा कल असतो. हा कल तपासून पाहिला पाहिजे. क्षितिज ही निसर्गातील एकमेव रेषा अशी आहे की ती प्रत्यक्षात कोठेच नसते. आपण जेथे उभे असतो त्यावर तिचे स्थान ठरते. चित्रात क्षितिज ठेवणे म्हणजे पाहणाऱ्या माणसाची जागा चित्रात राखून ठेवणे होय. गायतोंड्यांच्या चित्रासमोर प्रेक्षकाला आपण कोठे उभे आहोत हे विसरावे लागते. डहाणूकरांच्या चित्रासमोर त्याला किनाऱ्यावरचे स्थान दिले जाते. हे आतिथ्य आहे, आणि नवख्या प्रेक्षकाला अमूर्ताच्या उंबरठ्यावर आणून सोडण्याचे कार्य ते करते.

या मार्गातील धोकाही नोंदविला पाहिजे. क्षितिज एकदा साधले की ते ठरावीक होऊ शकते. आज जहांगीरमध्ये आणि अन्यत्र दिसणाऱ्या असंख्य सागरप्रेरित अमूर्तांत क्षितिज प्रश्न म्हणून येत नाही, ते सोय म्हणून येते. कॅनव्हासचा एकतृतीयांश भाग सोडून एक रेषा ओढली की उरलेले काम रंग करतो. अशा चित्रांत निमित्त असते, साधर्म्यही असते, परंतु संस्काराचा पत्ता नसतो. डहाणूकरांच्या चित्रांतील क्षितिजाचे विरणे आणि या अनुकरणांतील क्षितिजाचे आखले जाणे, यांत भेद करता येणे ही प्रदर्शनाला जाणाऱ्या प्रेक्षकाची पहिली कमाई म्हणावी लागेल.

६. नसरीन मोहमदी : पाण्याने सोडलेली रेषा

नसरीन मोहमदी यांचा जन्म कराचीचा. बालपणी त्या मुंबईत आल्या. लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये आणि पुढे पॅरिसमध्ये त्यांचे शिक्षण झाले. १९७२ पासून अखेरपर्यंत त्यांनी बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत अध्यापन केले. अलिबागजवळच्या किहीम येथील कुटुंबाच्या घरामुळे कोकणच्या किनाऱ्याशी त्यांचा संबंध कायम राहिला.

१९६० च्या दशकातील त्यांच्या शाई आणि जलरंगाच्या कामांत झाडाच्या, वाळूच्या, पाण्याच्या खुणा अस्पष्टपणे जाणवतात. १९७० च्या दशकात त्या नाहीशा होऊन कागदावर शाईने आणि पेन्सिलीने, आरेखनाच्या उपकरणांच्या साहाय्याने ओढलेल्या समांतर रेषांची जाळी आली. पुढे ती जाळीही विरत गेली आणि १९८० च्या दशकात रिकाम्या कागदावर काही मोजक्या तिरप्या रेषा उरल्या. शरीराच्या हालचालींवर परिणाम करणाऱ्या आजाराने ग्रासलेले असताना त्यांनी ही काटेकोर रेषा सांभाळली, हे ध्यानात घेतले म्हणजे या चित्रांतील शिस्तीचे मोल कळते.

किनाऱ्यावर ओहोटी लागली की ओल्या वाळूवर पाण्याच्या कडेच्या रेषा राहतात. प्रत्येक लाट आधीच्या रेषेच्या थोडी अलीकडे थांबते. कोळी बांधव उधाण आणि भांग असे भरतीचे भेद करतात. उधाणाला पाणी वर चढते, भांगाला ते आखडते. म्हणजे समुद्राची कडा ही एक रेषा नसून दिवसागणिक बदलणारे मोजमाप आहे. मोहमदींच्या समांतर रेषांतील अंतरे पाहताना हे मोजमाप आठवते. रेषांमधील अंतर कोठे किंचित वाढते, कोठे रेषेची दाटी फिकी होते आणि त्या लहानशा फरकाने संपूर्ण कागद हलू लागतो. अर्थात हे साधर्म्य सांगताना सावध राहिले पाहिजे. त्याच रेषांत मागावरचे धागे, फरसबंद अंगण किंवा रस्त्यावरचे पट्टे पाहणेही तितकेच शक्य आहे, आणि त्यांच्या छायाचित्रांत या साऱ्या गोष्टी आहेत. मोहमदींनी समुद्र चितारला असे म्हणणे चूक ठरेल. निसर्ग आणि मानवनिर्मित वस्तू यांत समान असलेली लय ओळखण्याची त्यांची क्षमता समुद्राच्या सहवासात तीक्ष्ण झाली, एवढेच म्हणता येईल, आणि तेवढे पुरेसे आहे.

त्यांनी आपल्या बहुतेक कृतींना शीर्षक दिले नाही, अनेकांवर वर्षही घातले नाही. टर्नर यांच्या लांबलचक शीर्षकाच्या शेजारी हा अबोलपणा ठेवून पाहावा. एक चित्रकार साक्ष देतो, दुसरी साक्ष नाकारते. दुसऱ्या बाबतीत प्रेक्षकावरची जबाबदारी अर्थातच वाढते.

७. मांडणीची जबाबदारी

गेल्या काही वर्षांत गायतोंडे आणि मोहमदी यांची मोठी प्रदर्शने झाली. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५ या काळात गायतोंड्यांच्या सुमारे ४५ कृती मांडल्या गेल्या. प्रदर्शनाच्या शीर्षकात चित्र ही प्रक्रिया आणि चित्र हेच जीवन, अशा आशयाची सांगड होती. समुद्राऐवजी प्रक्रियेला दिलेले हे प्राधान्य प्रस्तुत लेखकास योग्य वाटते. प्रक्रिया सांगितली की प्रेक्षक थर पाहू लागतो. समुद्र सांगितला की तो निळा शोधतो.

मोहमदींच्या बाबतीत प्रश्न अधिक अवघड आहे. दिल्लीच्या किरण नाडर कलासंग्रहालयात २०१३ मध्ये, माद्रिदच्या रैना सोफिया संग्रहालयात २०१५ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर येथे २०१६ मध्ये त्यांचे कार्य विस्ताराने दाखविले गेले. त्यांच्या हयातीत त्यांनी आपली छायाचित्रे प्रदर्शित केली नव्हती. मरणोत्तर प्रदर्शनांत मात्र रेखाटनांसोबत छायाचित्रे आणि दैनंदिनीची पानेही मांडण्याचा प्रघात पडला. अभ्यासाच्या दृष्टीने ही सामग्री अमूल्य आहे. परंतु वाळूचे छायाचित्र रेखाटनाशेजारी लागले की प्रेक्षक त्या दोहोंचे समीकरण मांडतो : ही रेषा म्हणजे ती वाळू. चित्रकाराने जो धागा जाणीवपूर्वक तोडला होता तो मांडणी पुन्हा जोडते. यावर उपाय सामग्री लपविणे हा नव्हे. तिचे स्थान बदलणे हा आहे. छायाचित्रे स्वतंत्र दालनात, शक्यतो रेखाटनांनंतर दाखविली, तर प्रेक्षक प्रथम रेषेसमोर एकटा उभा राहील आणि मग छायाचित्रांकडे चावी म्हणून न पाहता दुसरी कृती म्हणून पाहील.

आपल्याकडील नित्याच्या प्रदर्शनांची स्थिती निराळी आहे. जहांगीर कलादालनात प्रदर्शन साधारणतः आठवडाभर असते, प्रवेश विनामूल्य असतो, शेजारच्या दालनांत वेगळ्याच प्रकृतीची चित्रे असतात. १९५२ पासून या दालनाने सर्वसामान्य मुंबईकराला चित्रकलेचे दार उघडे ठेवले, हे त्याचे फार मोठे ऋण आहे. पण आठवड्याची मुदत चित्रकारालाही घाई करावयास लावते. भिंतीची प्रत्येक जागा भरली जाते. संथपणे पाहण्याची चित्रे खेटून लावली की ती एकमेकांना मारतात. जे चित्र दहा मिनिटे मागते त्याला दहा सेकंद मिळतात, आणि ती उणीव मग मनोगतातील समुद्राने भरून काढावी लागते. थोडी कमी चित्रे, चित्रासमोर बसण्यासाठी एखादे बाक, आणि चित्रकाराच्या भावनेऐवजी माध्यम व पद्धत यांची माहिती देणारी एक पाटी, एवढे बदल फारशा खर्चाविना होऊ शकतात.

बाजाराचाही येथे उल्लेख आवश्यक आहे. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत झालेल्या ख्रिस्टीजच्या लिलावात गायतोंड्यांच्या एका चित्राला २३.७ कोटी रुपयांची किंमत आली. त्यानंतर त्यांच्या नावाची चर्चा चित्राहून आकड्याभोवती अधिक फिरू लागली. आकडा हीसुद्धा एक प्रकारची पाटीच असते, आणि तीही पाहण्याच्या आड येते.

८. दालनाबाहेरचा समुद्र

सागरप्रेरित अमूर्त प्रदर्शनांतील समुद्र बहुधा निर्मनुष्य असतो. तो शांत असतो, अनादि असतो आणि कोणाच्याही मालकीचा किंवा पोटापाण्याचा नसतो. मुंबईचा समुद्र मात्र तसा नाही. हे शहरच भराव घालून उभे राहिले आहे. ज्या भुलाभाई देसाई मार्गावरून या तीन चित्रकारांनी समुद्र पाहिला, त्या भागात आता किनाऱ्याला लागून भराव घालून कोस्टल रोड झाला असून तो २०२४ मध्ये वाहतुकीस खुला होऊ लागला. वरळीच्या कोळी बांधवांना होड्या नेण्यासाठी पुलाच्या खांबांमधील अंतर वाढवून मागावे लागले. प्रदीर्घ विरोधानंतर, २०२२ च्या अखेरीस, ते ६० मीटरवरून १२० मीटर करण्याचे ठरले. क्षितिजाची रुंदी येथे कोणाच्या तरी उपजीविकेची रुंदी आहे.

अमूर्त चित्रकाराने कोळीवाडा रंगवावा, असा या म्हणण्याचा अर्थ नाही. तशी मागणी करणे म्हणजे चित्राला पुन्हा विषयाच्या तराजूत घालणे होईल. परंतु समुद्र ही प्रेरणा आहे असे जाहीर करणाऱ्याने समुद्राकडे पाहिलेले असावे, एवढी अपेक्षा गैर नाही. गायतोंड्यांच्या थरांत आणि मोहमदींच्या रेषांत असे पाहणे आहे. ज्या चित्रांत ते नाही, त्यांतील समुद्र आठवणीतल्या सहलीचा समुद्र असतो. निसर्ग हा शब्द सुखद असल्यामुळे त्याची चिकित्सा होत नाही. ती होणे आज अगत्याचे आहे, कारण निसर्ग बदलत असताना त्याचे जुने चित्र भिंतीवर सुरक्षित ठेवणे ही एक सोयीची विस्मृती ठरू शकते.

निष्कर्ष

१. 'प्रेरणा' या शब्दात निमित्त, साधर्म्य आणि संस्कार असे तीन संबंध एकवटलेले आहेत. अमूर्त चित्राच्या मूल्यमापनात संस्काराला सर्वाधिक महत्त्व द्यावयास हवे.

२. एकाच वास्तूतून, एकाच समुद्रासमोर काम केलेल्या तीन चित्रकारांच्या कृती भिन्न ठरल्या. यावरून समुद्र हे अमूर्ताचे कारण नसून शिस्तीचे एक शिक्षणस्थळ आहे, असे म्हणता येते. गायतोंड्यांनी तेथून थर घेतला, डहाणूकरांनी क्षितिज घेतले, मोहमदींनी अंतर घेतले.

३. क्षितिजाचा स्वीकार हा अमूर्ताचा दुबळेपणा नव्हे. मात्र प्रश्न म्हणून आलेले क्षितिज आणि सोय म्हणून आलेले क्षितिज यांत भेद केला पाहिजे.

४. प्रदर्शनातील पाटी, मनोगत आणि पूरक सामग्री यांनी चित्राचा अर्थ सांगण्यापेक्षा चित्र कसे घडले ते सांगावे. छायाचित्रांसारखी सामग्री मूळ कृतीची किल्ली म्हणून मांडली जाऊ नये.

५. प्रेक्षकानेही आपल्या सवयीत बदल करावा. मनोगत शेवटी वाचावे, चित्र आधी पाहावे. एका भेटीत सर्व चित्रे पाहण्याचा आग्रह सोडून दोन-तीन चित्रांसमोर थांबावे. 'यात समुद्र कोठे आहे?' असे विचारण्यापूर्वी 'येथे माझी नजर प्रथम कोठे गेली आणि नंतर कोठे सरकली?' असे स्वतःला विचारावे.

जहांगीर कलादालनापासून अपोलो बंदर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अमूर्ताची प्रदर्शने भरविणाऱ्या शहरात कला आणि समुद्र यांच्यात एवढे थोडे अंतर असणे हे भाग्य मानावे लागेल. या भाग्याचा उपयोग चित्रात समुद्र ओळखण्यासाठी करावयाचा, की चित्राने शिकविलेल्या संथ नजरेने आजचा समुद्र पाहण्यासाठी करावयाचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मराठी कलासमीक्षेने मात्र दुसरा पर्याय आग्रहाने मांडला पाहिजे.